हॉस्पिटलचा स्टाफ टिकत नाही? आधी त्यांच्या कामातले अडथळे शोधा

नमस्कार. हॉस्पिटल चालवणारे, नर्सिंग सुपरिटेंडेंट, एचआर सांभाळणारे, वॉर्ड इन्चार्ज सिस्टर... आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. आणि वॉर्डात, लॅबमध्ये, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, रिसेप्शनवर राबणाऱ्या प्रत्येकासाठीसुद्धा, कारण वरिष्ठांकडे नेमकं काय मागायचं, हे यातून तुम्हाला सापडेल.

स्टाफ नाराज आहे असं कळलं की ठरलेले उपाय सुरू होतात. नर्सेस डेला केक, भिंतीवर ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’, ताणतणावावर एखादं व्याख्यान. यातलं काहीच वाईट नाही. पण नाइट करून आलेल्या सिस्टरला त्या व्याख्यानासाठी दीड तास थांबवून ठेवलंत, तर तिचा ताण वाढवलात तुम्ही.

माझं म्हणणं एकच आहे. हॉस्पिटलमधल्या माणसाचं समाधान एका प्रश्नावर ठरतं: ‘आज मला माझं काम नीट करता आलं का?’

मेडिकल वॉर्डातली सकाळची ड्युटी डोळ्यासमोर आणा. हँडओव्हर झाला, म्हणजे आधीच्या ड्युटीनं पेशंटची माहिती देऊन झाली. डॉक्टर राउंडला यायच्या आत सगळ्यांचे व्हायटल्स, म्हणजे बीपी, नाडी, ताप वगैरे, हवेत. बीपीचं मशीन एकच, त्याच्या कफचं वेल्क्रो चिकटत नाही, म्हणून सिस्टर एका हातानं कफ दाबून धरते. इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतून औषध ठरावीक वेगानं देणारं मशीन, शेजारच्या वॉर्डातून मागून आणायचा. फार्मसीकडून इंडेंट, म्हणजे वॉर्डानं मागवलेली औषधं, अर्धवट आलंय आणि तिकडे फोन कुणी उचलत नाही. तेवढ्यात सात नंबरच्या आजी म्हणतात, ‘बाळा, जरा बस गं माझ्याजवळ.’ ती म्हणते, ‘आलेच हं.’ ड्युटी संपते, तरी तिला जायला जमत नाही.

ही सिस्टर दमून घरी जाते, पण तिला खातं ते दमणं नाही. त्या आजींपाशी पाच मिनिटं बसणं हे तिचंच काम होतं, ते तिला येतं, करायचंही होतं, आणि पंप शोधण्यात ते राहून गेलं. असं रोज व्हायला लागलं की माणूस आतून कोरडा पडतो. मग ‘सात नंबरच्या आजी’ जाऊन ‘सात नंबरचा न्यूमोनिया’ असं बोलणं सुरू होतं. याला बर्नआउट म्हणतात, म्हणजे कामाच्या ताणानं माणूस आतून संपून जाणं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ते मोजायची जी पद्धत मांडली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, पेशंटकडे वस्तूसारखं बघणं, आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना. ही दुसरी गोष्ट ऐकू आली की आपण म्हणतो, ‘हिचं वागणं बिघडलंय.’ अहो, तिला मदत हवी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. नोकरीच्या ठिकाणचा सततचा ताण नीट न हाताळला गेल्यामुळे होणारा परिणाम, असं म्हटलं. म्हणजे उपचार कामाच्या जागेवर व्हायला हवेत.

आता पगार. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलं की पगार, नियम, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो, पण त्या चांगल्या केल्या म्हणून तो आपोआप समाधानी होत नाही. काही मॅनेजमेंट याचा सोयीचा अर्थ लावतात: पैशानं काही होत नाही, म्हणून वाढवायचे नाहीत. हे चूक आहे. पगार योग्य आणि वेळेवर हवाच, त्याशिवाय पुढचं काही बोलायचा अधिकार तुम्हाला नाही.

संख्याबळाचंही तसंच. नर्सिंग संशोधिका लिंडा एकिन यांच्या टीमनं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं अभ्यासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट जरी वाढला, तरी नर्सला बर्नआउट असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल नाराजीची १५ टक्क्यांनी जास्त दिसली. आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. म्हणून स्टाफचं समाधान हा ‘एचआरचा विषय’ म्हणून बाजूला सारू नका. तो पेशंटच्या जिवाचा विषय आहे.

माणसं वाढवायला वेळ लागतो, मान्य. पण आहेत त्या माणसांचा वेळ कोण खातंय, हे उद्यापासून शोधता येतं. याचं माझं आवडतं उदाहरण हवाई बेटांवरचं आहे. तिथल्या हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेनं २०१७ मध्ये स्टाफला सरळ विचारलं: आपल्या कॉम्प्युटर रेकॉर्डमध्ये तुम्हाला निरर्थक वाटतं असं काय काय भरावं लागतं? नर्सनी एक गोष्ट दाखवली. ‘मी पेशंटकडे चक्कर मारली’ याची दर तासाला खूण करावी लागायची. एका वेळी सरासरी २४ सेकंद. ऐकायला काहीच नाही. चार हॉस्पिटलं मिळून हिशोब केला, तर महिन्याला सुमारे १,७०० नर्सिंगचे तास! पेशंटकडे जाऊन आल्याची खूण करण्यात पेशंटचा वेळ जात होता. त्यांनी ती खूण काढून टाकली.

मला त्यांची पुढची गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. आलेल्या सगळ्या तक्रारी काही त्यांनी मान्य केल्या नाहीत. काही नोंदी मुळात कुणाला नकोच होत्या, त्या गेल्या. काही लागणार होत्या, पण सोप्या करता आल्या. आणि काही खरंच गरजेच्या होत्या, फक्त कशासाठी ते स्टाफला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे करायला सॉफ्टवेअर लागत नाही. नर्सिंग स्टेशनवर एक वही ठेवा, दोन आठवडे. काम करताना जे जे आडवं आलं ते एका ओळीत लिहायचं. नाव लिहायचं नाही, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग इन्चार्जनी बसून बघायचं: यातलं आजच्या आज काय सुटतं, वर काय न्यायचं आणि काय बदलता येणार नाही. आणि प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहायचं. ‘नाही’ असेल तर ‘नाही, आणि का नाही’. उत्तर आलं नाही की पुढच्या वेळी त्या वहीत कुणी पेन टेकवत नाही. सूचनापेटीला कुलूप आणि धूळ का असते, याचं कारण हेच.

मावशी, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी यांच्या हातातही ही वही गेली पाहिजे. लिहिता येत नसेल तर सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. ट्रॉलीचं कुठलं चाक अडकतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असतं?

ड्युटी रोस्टर हा तर नाराजीचा मोठा कारखाना आहे. दुपारची ड्युटी रात्री उशिरा संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. मध्ये झोप किती? युरोपीय संघाच्या नियमात दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांतीची तरतूद आहे, तेवढा आकडा मनात धरून रोस्टर तपासून बघा. रोस्टर आधी लागलं आणि आपसात ड्युटी बदलायची मुभा दिली, तर घरचं नियोजन तरी करता येतं.

आणि इन्चार्ज. रोजचा दिवस कसा जाणार, हे संस्थेच्या संचालकांपेक्षा त्यांच्यावर जास्त अवलंबून असतं. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९६ च्या अभ्यासात उलटंच चित्र दिसलं: चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डात औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. तिथले लोक चुका सांगायला घाबरत नसावेत, हा त्याचा अर्थ. पेशंटच्या नातेवाइकांसमोर सिस्टरवर ओरडणारे डॉक्टर असतील, तर त्या वॉर्डातली चूक तुमच्यापर्यंत कशी येणार? त्यामुळे इन्चार्ज निवडताना नुसती सीनिऑरिटी बघू नका. त्यांना माणसं सांभाळायचं प्रशिक्षण द्या, आणि डॉक्टर उद्धटपणे बोलले तर त्या डॉक्टरांशी मॅनेजमेंटनंच बोला. ते काम इन्चार्जवर ढकलू नका.

शेवटचं. राजीनामा दिल्यावर आपण मुलाखत घेतो, ‘का सोडताय?’ तोवर माणूस मनानं गेलेला असतो, आणि अनुभवाचा दाखला अडायला नको म्हणून ‘घरची अडचण’ असं सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा जे टिकलेत त्यांना वर्षातून दोनदा विचारा: इथं का थांबला आहात, आणि कुठली एक गोष्ट बदलली नाही तर तुम्ही जाल? ही भेट ड्युटीच्या वेळातच घ्या. आणि विचारणारा माणूस त्यांचं अप्रेझल लिहिणारा नसावा.