पोरांसाठी सायकल लीग सुरू करताय? आधी रेघेपुढचे शंभर मीटर मोजा

राम राम मंडळी. चोपडा, शिरपूर, पाचोरा, नवापूर, चारी दिशांनी एकच प्रश्न येतोय: "गावातल्या पोरांसाठी सायकलच्या शर्यती सुरू करायच्या आहेत, काय काय लागतं?" आज त्यावरच बोलू. बराचसा वेळ मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे, कारण लीग तिथेच मोडते. बाकीचं भराभर उरकतो.

आधी शब्द ठरवून घेऊ. पंधरा ऑगस्टला किंवा यात्रेत एकदा सायकली पळवल्या, पहिल्याला ढाल दिली, ती शर्यत. लीग म्हणजे तीच पोरं पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळचे गुण जमा होतात. त्या एकेका रविवाराला आपण फेरी म्हणू. रस्त्यावरच्या एका वेढ्याला चक्कर म्हणू. हे दोन शब्द पहिल्या बैठकीतच पक्के करा, नाहीतर माइकवरचा माणूस "शेवटची फेरी" म्हणतो आणि पोरांना वाटतं हंगामच संपला.

हंगाम कधी? दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्याला पहिली फेरी, एक रविवार आड, जानेवारीअखेर शेवटची. सहा फेऱ्या बसतात. फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा, आणि त्यानंतर आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पोरांना डांबरावर पळवायचा विचारसुद्धा नको. जानेवारीत सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पहिली शर्यत साडेसातला आणि दहापर्यंत सगळं आवरलेलं. शहादा तालुक्यातल्या मंडळींनी दत्तजयंतीच्या आसपासचा रविवार सोडावा. सारंगखेड्याच्या यात्रेमुळे रस्ते आणि पोलीस, दोन्ही अडकलेले असतात.

गुण असे द्या: पहिल्या दहांना १५, १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २ आणि शर्यत पूर्ण करणाऱ्या बाकी प्रत्येकाला १. सहापैकी सर्वांत चांगल्या चार फेऱ्यांचे गुण धरायचे. हे चार फार महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे त्याच दिवसांत कापूस वेचणी असते आणि कितीतरी पोरं रविवारी शेतात असतात. सहाच्या सहा फेऱ्या धरल्या, तर पहिल्या दोन चुकलेलं पोर तिसऱ्याला येतच नाही. बरोबरी झाली तर शेवटच्या फेरीत पुढे असलेला वरचा.

वयोगट चार: १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील. वय तारखेवरून मोजू नका, जन्मवर्षावरून मोजा. आपला हंगाम दोन वर्षांत पसरतो, म्हणून हंगाम ज्या वर्षी संपतो ते वर्ष सगळ्या फेऱ्यांना धरायचं. तसं केलं नाही तर डिसेंबरात १४ खाली असलेला पोरगा जानेवारीत वरच्या गटात जातो आणि त्याचे गुण कुठे लिहायचे यावरून भांडण होतं. मुलींचा निकाल आणि गुण वेगळे. संख्या कमी असेल तर त्याच वयाच्या मुलांबरोबर सुरुवात करू द्या. "मुलींची सायकल लेडीज असते, चालेल का?" असं एका ताईंनी विचारलंय. ताई, चालेलच. मानव विकास योजनेतून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकली गावोगावी आहेत. लीग त्या सायकलींवर उभी राहिली पाहिजे, महागड्या सायकलींची वाट बघत बसू नका.

हो, पण गिअरचा प्रश्न राहतोच. एकाकडे सात गिअर, दुसऱ्याकडे साधी. त्यावर सोपा उपाय आहे. सायकल सपाट जागी उभी करा, पायडल अगदी खाली आणा, मागचं चाक जमिनीला टेकतं तिथे खडूची खूण करा. सायकल सरळ ढकलत पायडलचा एक पूर्ण वेढा होऊ द्या आणि पुन्हा खूण करा. मधलं अंतर मोजा. चेनव्हीलला, म्हणजे पायडलजवळच्या चक्राला, ४४ दाते, फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राला, १८ आणि चाकाचा घेर २.२ मीटर असेल, तर हे अंतर सुमारे ५.४ मीटर भरतं. मिनिटाला ९० वेढे मारणारा पोरगा त्यावर ताशी २९ किलोमीटरने जातो, तेवढा वेग पुरे आहे. १६ खालच्या गटांना साडेपाच-सहा मीटरची मर्यादा घाला. गिअरवाल्या सायकलीच्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर, लहान चक्रांच्या बाजूचा मर्यादेचा स्क्रू असतो, तो आवळला की सगळ्यात छोटी चक्रं लागत नाहीत. जागतिक पातळीवरही १७-१८ वर्षांच्या मुलांना अनेक वर्षं ७.९३ मीटरची मर्यादा होती. वाढत्या गुडघ्यांवर जड गिअरचा ताण येऊ नये हा त्यामागचा विचार.

आता मुख्य मुद्दा. शेवटची रेघ कुठे मारायची?

बहुतेक ठिकाणी रेघ मंडपासमोर मारतात. मंडपात पाहुणे, मंडपाच्या पुढे बक्षिसांचं टेबल, रेघेच्या दोन्ही बाजूंना गर्दी आणि रेघेच्या पलीकडे मोबाइल धरून उभे असलेले पालक. एकाने आपल्या अहिराणीत विचारलंय, "चौकमा लाइन नही ठेवी तं पब्लिक कशी येई?" पब्लिक येऊ द्या, भो. फक्त रेघेच्या पुढे येऊ देऊ नका.

हिशोब बघा. शेवटच्या जोरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर सहज ताशी ३६ किलोमीटर गाठतं. म्हणजे सेकंदाला १० मीटर. रेघ ओलांडल्यावर ते लगेच ब्रेक मारत नाही. हात वर करतं, मागे वळून बघतं, दोन-तीन सेकंद असेच जातात आणि तेवढ्यात २० ते ३० मीटर संपतात. मग ब्रेक. साध्या सायकलीला लोखंडी रिम आणि झिजलेले रबर असले, तर त्या वेगाला पूर्ण थांबायला अजून ३० मीटरच्या पुढे लागतात. रिमवर दव असेल तर आणखी जास्त. एकट्या पोराचं हे साठ मीटर झालं. मागे सात-आठ जण एकमेकांच्या चाकाला चाक लावून येतायत, त्यांना बाजूला सरकायलाही जागा हवी. म्हणून रेघेपुढे शंभर मीटर रिकामा रस्ता. त्यात कोणी पालक नको, छायाचित्रकार नको, पाण्याची बाटली घेऊन धावणारा काकाही नको. पाणी दीडशे मीटरवर ठेवा, पोरं आपोआप तिथे जाऊन थांबतात.

हीच गोष्ट निकालाच्या बाजूने बघा. दोन पोरांमध्ये अर्ध्या चाकाचं अंतर म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. सेकंदाला १० मीटरने ते साडेतीन शतांश सेकंद होतं. डोळ्याला दिसत नाही. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं पडतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये सायकल ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये २४० चित्रं पडली तर फक्त ४ सेंटिमीटर. तेव्हा एक मोबाइल ट्रायपॉडवर, रेघेच्या अगदी काटकोनात, हलणार नाही असा. पहिली सायकल यायच्या दहा सेकंद आधी सुरू, शेवटची जाईपर्यंत चालू. आता सांगा, रेघेवर माणसं उभी असतील तर त्या मोबाइलला काय दिसणार? लोकांच्या पाठी. नंबर वाचणाऱ्याला काय दिसणार? तेच. मग निकाल तोंडी लागतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा पोरगा दुसरा येतो.

तिसरी बाजू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चक्करांच्या शर्यतीत पहिला आला म्हणजे शर्यत संपली असं नसतं. मागे अजून पंधरा पोरं येतायत, त्यातली काही एक चक्कर मागे आहेत, आणि त्यांचा एकेक गुण रेघेवरच ठरतो. पहिला आला की लोक त्याला उचलायला रस्त्यात धावतात आणि मागून येणारी बारा वर्षांची पोरगी थेट त्या घोळक्यात शिरते. तिथे एक हात मोडला की पुढच्या फेरीला तिची आईच काय, तिच्या गल्लीतलं कोणीच पाठवत नाही.

मग मंडप कुठे? रेघेच्या अलीकडे वीस-तीस मीटरवर, रस्त्यापासून तीन मीटर मागे. तिथून पाहुण्यांना समोरून येणारी झुंज दिसते, आणि खरी बघण्यासारखी गोष्ट तीच असते. लोकही अलीकडेच, दोन्ही बाजूंना, बांबूच्या कठड्यामागे. रस्त्याला आडवी दोरी मात्र कधीच नको. वेगात ती दिसत नाही आणि नेमकी गळ्याच्या उंचीला येते. सत्कार सगळे निकाल लागल्यावर करा. मधेच पाहुणे आले म्हणून शर्यत थांबवणं पोरांवर अन्याय आहे, हे मी ठामपणे सांगतो.

रेघ मारायला फक्की चालते, पण पातळ. जाड थर दवाने ओला झाला की त्यावरून चाक सरकतं. ऑइल पेंट तर नकोच. मोठ्या शर्यतींत ७२ सेंटिमीटर रुंद पांढरा पट्टा आणि त्याच्या मधोमध ४ सेंटिमीटरची काळी रेघ असते. निकाल त्या काळ्या रेघेवर लागतो. आपणही तसंच करावं, व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

आता रस्ता. एक ते दीड किलोमीटरचा बंद वेढा हवा, रुंदी किमान सहा मीटर. त्यात अडीचशे मीटरचा एक सरळ तुकडा लागतो: दीडशे रेघेच्या अलीकडे, शंभर पलीकडे. बाजार समितीचं आवार, एमआयडीसीतले रस्ते, महाविद्यालयाचा परिसर, अशा जागा शोधा. एमआयडीसीचा सुटीचा वार आधी विचारून घ्या, सगळीकडे रविवारच असतो असं नाही. आणि महामार्ग नको. "धुळे-सुरत रोडवर सकाळी गर्दी नसते" असं लिहिणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तिथे ट्रक चोवीस तास असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तर कापसाच्या आणि उसाच्या गाड्या आतल्या रस्त्यांवरही असतात. लळिंग घाटात उतार पळवायची कल्पनाही सोडा. पोरांच्या ब्रेकवर उतार नको. जागेच्या मालकाची आणि पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या, पालकांची संमतीही लेखी. १०८ ही तातडीची सेवा आहे, ती आधी बोलावून उभी करता येत नाही, म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी आठवडाभर आधी बोला.

शर्यत किलोमीटरवर नको, वेळेवर ठेवा. १२ खाली दहा मिनिटं, १४ खाली पंधरा, १६ खाली वीस, १८ खाली तीस, आणि वेळ संपल्यावर दोन चक्कर. शेवटच्या चक्करला घंटा, शाळेची पितळी असली तर उत्तम. एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त पोरं सोडू नका. मागे पडलेल्यांना बाहेर काढू नका. विजेता आल्यावर जो जिथे असेल त्याने तीच चक्कर पूर्ण करून थांबायचं. नंबर फ्लेक्सवर छापा: १६ सेंटिमीटर रुंद, १८ उंच, आकडा १० सेंटिमीटरचा. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना, कॅमेऱ्याच्या बाजूच्या कमरेवर. रेघेवर दोन माणसं: एक नुसते नंबर बोलतो, दुसरा नुसते लिहितो. एकच माणूस दोन्ही करायला गेला की तिसऱ्या नंबरलाच चुकतो.

सुरुवातीआधी सायकल तपासायला प्रत्येकी दोन मिनिटं. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरलं तर बाहेर. चाकांचे नट पान्याने आवळा. चेन बोटाने वरखाली करून अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त ढिली असेल तर जोराच्या वेळी उतरते आणि पोर हँडलवर आपटतं. स्टँड आणि बास्केट काढून ठेवा. हँडलच्या मुठी फाटून नळीचं तोंड उघडं असेल तर बूच ठोका, पडल्यावर तीच नळी पोटात घुसते. हेल्मेट सायकलचंच, भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकं घट्ट. लीगने वीस-पंचवीस हेल्मेट सामायिक ठेवावीत, ज्याच्याकडे नाही तो घरी जाता कामा नये.

आणि काटे. आपल्याकडे बाभूळ आणि वेडी बाभूळ रस्त्याला टेकलेली असते, काटा टायरमधून सरळ ट्यूबमध्ये. आदल्या संध्याकाळी खराट्याने पूर्ण वेढा झाडा आणि सकाळी पुन्हा एकदा, खास करून वळणांच्या आतली बाजू. तिथली माती आणि खडीच चाक सरकवते. वळणांवर बाहेरच्या बाजूला भुसा भरलेली पोती लावा, चुना लावलेले दगड नकोत. तरी पंक्चर होणारच. मग एक चक्कर माफ: पोराने बाजूला यायचं, चाक बदलायचं किंवा दुसरी सायकल घ्यायची आणि पुढच्या चक्करला आपल्याच घोळक्यात शिरायचं. शेवटच्या तीन चक्करांत ही सवलत नाही. पंप, सोल्युशन, पॅच, पाने आणि दोन जादा सायकली घेऊन गावातला पंक्चरवाला तिथे बसलेला असावा, आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या.

ज्यांनी जागा बघून ठेवली आहे त्यांनी आज टेप घेऊन जा. रस्त्याची रुंदी, रेघेच्या अलीकडचे मीटर आणि पलीकडचे मीटर, असे तीन आकडे खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच तीन-चार रस्ते घेऊन रेघ, मंडप आणि कठडे कुठे बसतात ते फळ्यावर काढून दाखवतो.