एवढ्याशा जिवाला कॅफिन कशासाठी?

आशाताईंनो, आणि बाळांच्या आया-आज्यांनो,

"बाळ श्वास घ्यायचं विसरतंय," हे वाक्य सोलापुरात आम्हाला मराठीत सांगावं लागतं, कन्नडमध्ये सांगावं लागतं, पूर्व भागातल्या आजींना तेलुगूतही. ऐकल्यावर काळजात होणारं धस्स सगळ्यांचं सारखंच.

३७ आठवडे भरण्याआधी आलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण श्वास घे म्हणून हुकूम सोडणारं मेंदूतलं केंद्रही तेवढंच कच्चं असतं. श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी थांबूनही ठोके मंदावले, अंग निळं पडलं, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाला तो होतो. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं मात्र वेगळं, त्याने घाबरू नका.

कक्षात मॉनिटर वाजला की अनुभवी सिस्टर आधी बाळाकडे बघते. छाती हलतेय का? मान पुढे वाकून श्वासाची वाट दबली नाही ना? मान सरळ करते, तळपाय बोटाने चोळते. बहुतेक बाळं तेवढ्यावर दचकून श्वास घेतात. नाही घेतला तर अ‍ॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, हाताशी असतेच. आणि लगेच शोध सुरू होतो: जंतुसंसर्ग, साखर कमी होणं, अंग गार पडणं. ही कारणं न बघता नुसतं औषध सुरू करणं मला अजिबात मान्य नाही.

दुसरं कारण सापडलं नाही, तर कॅफिन. हो, चहा-कॉफीतलंच. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य श्वासाच्या केंद्राला मंदावतं. कॅफिन त्याची जागा अडवतं आणि केंद्र जागं राहतं. १९७० च्या दशकापासून याच कुळातलं थिओफायलिन वापरलं जायचं. पण त्याचा डोस जरा वर गेला की ठोके धावतात, रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं. कॅफिनमध्ये तेवढी धास्ती नाही. प्रौढांच्या शरीरात त्याचं प्रमाण साधारण पाच तासांत निम्म्यावर येतं, या बाळांत जवळपास १०० तास लागतात. म्हणून दिवसातून एकदाच पुरतं.

सव्वा किलोच्या बाळाला पहिला डोस २५ मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेट, किलोमागे २० या हिशोबाने. पुढे रोज किलोमागे ५ ते १०. सिरिंजमध्ये हा रोजचा डोस जेमतेम अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास दिसतो. म्हणूनच कळवळून सांगते, घरी चमच्याने कॉफी पाजणं म्हणजे हे औषध नव्हे, ते विषाशी खेळणं आहे.

"मेंदूवर परिणाम होईल का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मिळालेलं आहे. नवजात बाळांच्या तज्ज्ञ डॉ. बार्बरा श्मिट यांच्या चमूने ५०० ते १२५० ग्रॅमच्या २००६ बाळांवर चाचणी केली. कॅफिन मिळालेल्यांत फुप्फुसाचा जुनाट आजार ३६ टक्के, न मिळालेल्यांत ४७. दीड-पावणेदोन वर्षांच्या वयाला सेरेब्रल पाल्सी ४.४ विरुद्ध ७.३ टक्के. हे आकडे २००६ आणि २००७ मध्ये छापून आले. माझ्या मते नवजात बाळांच्या उपचारांत इतकं स्वस्त आणि इतकं भरवशाचं औषध विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये त्याची ठाम शिफारस केली. सोबत आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं हवंच. कांगारू पद्धतीला औषध पर्याय नाही.

आता घाईबद्दल. बाळ दूध प्यायला लागलं की घरचे बारशाची तारीख काढतात. पण गर्भातले दिवस धरून बाळ साधारण ३४ आठवड्यांचं झालं की कॅफिन थांबवतात, आणि औषध अंगातून उतरायलाच कित्येक दिवस जातात. खरी परीक्षा त्यानंतर. म्हणून बंद केल्यावर पाच ते सात दिवस एकही अ‍ॅप्निया न होता गेले, तरच सुट्टी. खाटेचा खर्च, मागावरची बुडालेली मजुरी, गावाकडची कामं मला दिसतात. तरी हे दिवस कमी करून मागू नका.

सुट्टीआधी तळपाय कसा चोळायचा, मान कशी ठेवायची, तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे सिस्टरकडून करून दाखवून घ्या. आईने आणि घरातल्या आणखी एकाने. घरी श्वास थांबला, ओठ निळे पडले, तर एकाने हे सुरू करायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. बाळ पुन्हा श्वास घ्यायला लागलं तरी दवाखान्यात आणायचंच.