पोराक बघता कोण?

[दृश्य : आरवली. वेतोबाच्या देवळात मांडून ठेवलेले भलेमोठे चपलांचे जोड.]

वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चपला वाहतात. अशा मुलखातल्या पोरांना जंगलात राहणारा, मुखवटा घातलेला तो दुसरा वेताळ, म्हणजे कॉमिकमधला फँटम, फारसा परका वाटला नसावा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली. मधल्या काळात सुट्टीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत खाऊबरोबर एखादा अंकही येई.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या वेताळाचं डायना पामरशी लग्न झालं आणि थोड्याच काळात जुळं झालं, किट आणि हेलोईस. वेताळाचा मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून एकविसाव्या वेताळाला बाविसावा हवाच होता. तिथे बाळंतपण आलं ते वंश पुढे चालावा म्हणून, आणि त्यात कुणाला काही अडचण वाटली नाही.

अडचण येते ती बाईच्या स्वतःच्या अंगात शक्ती असली की. ती उडते, भिंती फोडते, अदृश्य होते, आणि एके दिवशी तिला दिवस जातात. मग लेखकांची जी तारांबळ उडते, ती आज बघू.

[दृश्य : जुन्या अमेरिकन कॉमिक्सची पानं, एकामागून एक.]

सुरुवात स्यू स्टॉर्मपासून. 'फॅन्टास्टिक फोर' या चार नायकांच्या टोळीतली ही एकटी बाई, अदृश्य होणारी. १९६८ च्या वार्षिक अंकात ती बाळंत झाली. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. अंतराळातल्या किरणांनी तिचं रक्त बदललेलं, त्यामुळे तिचा आणि बाळाचा जीव धोक्यात. उपाय सापडतो तो 'निगेटिव्ह झोन' नावाच्या दुसऱ्याच विश्वात, अनायलस नावाच्या कीटकासारख्या खलनायकाकडे. मग नवरा, भाऊ आणि नवऱ्याचा मित्र तिकडे निघतात आणि अंकाची बहुतेक पानं त्या तिघांच्या मारामारीत जातात. कर्बीने ते विश्व असं काही रंगवलंय की नजर हटत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण जिचं बाळंतपण आहे ती या सगळ्या वेळात रुग्णालयात पडून आहे. शेवटी दारं उघडतात, मुलगा झालेला असतो, सगळे खूश. स्यूचं नाव मात्र तेव्हाही 'अदृश्य मुलगी'च. लग्न झालं, मूल झालं, तरी कॉमिकने तिला 'बाई' म्हणायला १९८५ उजाडावं लागलं.

साचा इथेच घडला. बाई आजारी पडल्यासारखी निजून राहणार, पुरुष औषध आणायला जाणार. संजीवनीच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचं वाटेल. लक्ष्मण तिथे गरोदर नव्हता, एवढाच फरक.

[दृश्य : मालवणजवळची एक वाडी. अंगणात वाळत घातलेली लंगोटं, ओटीवर दोरीचा पाळणा.]

ही गोष्ट इथल्या कुठल्याही आजीला सांगून बघा. ती किरणांबद्दल विचारणार नाही, अनायलसबद्दल तर नाहीच. ती विचारील : "गे बाय माझे, पण मगे पोराक बघता कोण?"

इथे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरून लेक येते. मग शेक-शेगडी, अळीव, बाळंतशेपा, दूध यावं म्हणून मोरीचं कालवण. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. या सगळ्यात माया आहे तसा जाचही आहे, आणि कित्येक जणी दात-ओठ खाऊन तो काढतात. पण मूल या घडीला कुणाच्या मांडीवर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आजीचा प्रश्न तिथून येतो. मी त्याच फूटपट्टीने ही कॉमिक्स मोजतोय.

स्यूच्या बाबतीत उत्तर यायला १९७० साल लागलं. मुलाचं नाव फ्रँकलिन ठेवलं आणि त्याला सांभाळायला अगाथा हार्कनेस नावाची बाई आणली. वयस्कर, शिस्तीची आणि चेटकीण. हे नाव लक्षात ठेवा.

[दृश्य : दशावताराची रात्र. पडद्यामागे साडी नेसणारा कलाकार, तोंडावर रंग.]

१९८०. 'ॲव्हेंजर्स' या महानायकांच्या संघाच्या कॉमिकचा दोनशेवा अंक. मिस मार्व्हल म्हणजे कॅरल डॅनव्हर्स अचानक गरोदर असल्याचं कळतं आणि पाहता पाहता दिवस भरतातही. झालेलं मूल काही तासांत वाढून मार्कस नावाचा तरुण होतो. तो सांगतो की त्यानेच तिला आपल्या जगात ओढून नेलं, यंत्रांच्या मदतीने तिचं मन वळवलं आणि तिच्या पोटी स्वतःच जन्म घेतला. हे ऐकून कॅरल त्याच्याबरोबर निघून जाते आणि तिचे शूर सहकारी तिला हसत निरोप देतात.

कथेखाली चार जणांची नावं आहेत, चारही पुरुष. इथल्या दशावतारात स्त्रीपार्टीही पुरुषच करतो, पण त्याला निदान रात्रभर साडीत वावरावं लागतं, आणि गौळण चुकली तर समोरच्या बायका तोंडावर सांगतात. कॅरलच्या बाबतीत हे तोंडावर सांगण्याचं काम कॅरल स्ट्रिकलंड या वाचक बाईने केलं. झालं तो बलात्कार आहे, असं तिने सरळ लिहिलं. लेखक ख्रिस क्लेरमाँट यांनाही ते खटकलं होतं. १९८१ च्या वार्षिक अंकात त्यांनी कॅरलला परत आणलं आणि सहकाऱ्यांसमोर उभं केलं. मला गरज होती तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही, असा त्या प्रसंगाचा सूर आहे. ॲव्हेंजर्स मान खाली घालून ऐकतात. मला विचाराल तर या सगळ्या परंपरेतली ती सगळ्यात धीट पानं आहेत, आणि त्यात एकही ठोसा नाही.

[दृश्य : लाल पोशाखातली वांडा, दोन पाळणे.]

वांडाचं थोडक्यात सांगतो. ती स्कार्लेट विच, नवरा व्हिजन म्हणजे यंत्रमानव. १९८६ मध्ये तिला जुळं झालं. तीन वर्षांनी दुसऱ्या लेखकाने ठरवलं की ती मुलं खरी नव्हतीच, एका सैतानाच्या आत्म्याचे ते तुकडे होते. मुलं नाहीशी झाली. आणि आईच्या मनातून त्यांची आठवण कुणी पुसली? अगाथा हार्कनेसने. फ्रँकलिनला सांभाळणारी तीच. पोरं सांभाळायला माणूस मिळेना, तर पोरंच काढून टाकली! पुढे वांडाला सगळं आठवलं. आठवल्यावर तिने जगाची जी उलथापालथ केली, ती २००५ सालची 'हाउस ऑफ एम' ही कथा. तिथे तिला वेडी ठरवलं गेलं. आठवण पुसणाऱ्यांना कुणी काही ठरवलं नाही.

बॅटमनच्या गोष्टींतल्या कॅटवुमनला २००६ मध्ये मुलगी झाली, हेलेना. शत्रू घरापर्यंत पोचले तेव्हा तिने मुलगी दत्तक दिली. निदान आजीच्या प्रश्नाला समोरून भिडलेली गोष्ट आहे ती.

[दृश्य : रायगड. हिरकणी बुरूज खालून.]

आपल्याकडची जुनी आख्यायिकाही याच प्रश्नावर उभी आहे. हिरकणी दूध विकायला गडावर गेली, कोजागिरीचा दिवस होता म्हणतात. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. घरी पाळण्यात तान्हं मूल, बघायला कुणी नाही. ती अंधारात कडा उतरून गेली. या गोष्टीत राक्षस नाही, अनायलस नाही. आडवं येतं ते दरवाजे बंद करण्याचं वेळापत्रक.

पुढचा भाग आपण फार गोड करून सांगतो. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे तिच्या नावाचा बुरूज बांधला. पण बुरूज बांधला म्हणजे ती वाट बुजवली! गडाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. जिथून आई उतरते तिथून शत्रूही चढेल. दुसऱ्या दिवशी दूध विकायला आलेल्या बाईला उशीर झाला तर काय, हे आख्यायिकेत नाही. त्याची आठवण फार उशिरा झाली, एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजायला हिरकणी कक्ष निघाले तेव्हा.

[दृश्य : 'स्पायडर-वुमन'ची दोन मुखपृष्ठं शेजारी शेजारी.]

आता जेसिका ड्रू, म्हणजे स्पायडर-वुमन. २०१४ मध्ये मिलो मनारा या इटालियन चित्रकाराने काढलेल्या तिच्या एका मुखपृष्ठावरून मोठा गदारोळ झाला. छतावर चढणारी बाई, पण चित्राचा सगळा जोर तिच्या पार्श्वभागावर. त्यानंतर वर्षभरातच, २०१५ च्या अखेरीस, तीच जेसिका मुखपृष्ठावर भलंमोठं पोट घेऊन उभी. लेखक डेनिस होपलेस, चित्रकार हाविएर रॉड्रिगेझ.

बाप कोण? कुणीच नाही. तिला मूल हवं होतं, तिने दात्याचं बीज घेऊन ते होऊ दिलं. मालिका यावर प्रवचन देत नाही. बाकीचे नायकच कुतूहलाने मरतात. बाळंतपणासाठी ती परग्रहवासीयांच्या रुग्णालयात जाते, आणि तिथे स्क्रल नावाचे रूप बदलणारे परग्रहवासी हल्ला करतात. इथपर्यंत जुनाच मसाला. फरक एवढाच की कुणी पुरुष औषध आणायला दुसऱ्या विश्वात जात नाही. जे काही करायचं ते वॉर्डातल्या बायकांनाच करावं लागतं.

खरी मजा बाळ घरी आल्यावर. पाचव्या अंकात जेसिका थकलेली आहे. झोप नाही, घर अस्ताव्यस्त, बाळ रडतंय, आणि आपण आई म्हणून कमी पडतोय ही भीती तिला कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त पोखरते. बाळंतिणीच्या मनाची ही अवस्था आपल्याकडे 'होतं असं' म्हणून झटकून टाकतात. इथे तिला पानं दिली आहेत. मैत्रीण म्हणून धावून येणारी कोण, तर कॅरल डॅनव्हर्स. ३५ वर्षांपूर्वी जिच्या पोटावरून तसली गोष्ट लिहिली गेली, तीच.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर? रॉजर. हा पूर्वीचा चोर, काटेरी पोशाख घालून पॉर्क्युपाइन नावाने वावरणारा. तो बाळ जेरीला सांभाळतो आणि जेसिका कामावर जाते. ल्यूक केज आणि जेसिका जोन्स या दुसऱ्या नायक जोडप्याच्या लेकीला, डॅनिएलला, सांभाळायला त्याआधीच स्क्विरल गर्ल आली होती, खारींशी बोलणारी. स्यूकडे चेटकीण, जेसिका जोन्सकडे खारवाली, जेसिका ड्रूकडे सुधारलेला चोर. एकीच्याही घरी सासू नाही.

[दृश्य : हर्णै बंदर. होड्यांतून उतरणारी मासळी, वाळूवरचा लिलाव.]

भारतात २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन ती पाटीवर विकणारी बाई कुणाचीच नोकर नाही, म्हणून तिला रजाही नाही. जेसिका ड्रूचं तेच : खासगी गुप्तहेर, काम केलं तर पैसे. रॉजरचं काम इथे सासू करते. सासू स्वतःच पाटी घेऊन बाहेर पडणारी असली तर शेजारीण, नाहीतर शाळा सुटल्यावर थोरली मुलगी. आठ-नऊ वर्षांची, काखेत भावंड, दुसऱ्या हातात वही. त्या मुलीवर काढलेलं कॉमिक मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही.