मादी पिल्लू नको म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

भाद्रपदात गल्लीबोळांतून कुत्र्यांच्या टोळ्या फिरायला लागतात. कुत्री गाभण राहिली की साधारण 63 दिवसांनी विते, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे त्याच गल्ल्यांमधून पिल्लांची कुईकुई ऐकू येते. मग आमच्या जनावरांच्या दवाखान्यात खोकी यायला लागतात. आत जुन्या साडीच्या तुकड्यावर चार-पाच पिल्लं झोपलेली असतात. पिल्लू न्यायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, यातला नर कुठला?" नर पिल्लं भराभर घरी जातात. माद्या मागे राहतात. रात्री हायवेच्या कडेला किंवा भाजी मंडईच्या मागे कुणी पोत्यात घालून सोडून दिलेली पिल्लं आमच्याकडे येतात, त्यांतही बहुतेक माद्याच असतात. हे बघताना फार वाईट वाटतं, म्हणून आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

मादी का नको, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. पिल्लं होतील. राखणीला नरच बरा. आणि कुत्री तापट असते. यातलं पहिलं कारण खरं आहे आणि त्यावर उपायही आहे. बाकीची दोन नीट तपासून बघायला हवीत.

आधी नराबद्दल. लहानपणी नर आणि मादी दोघंही बसूनच लघवी करतात. सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत कधीतरी नर तंगडी वर करायला लागतो, आणि तेव्हापासून त्याला फिरायला नेणं म्हणजे प्रत्येक खांबापाशी थांबणं. विजेचा खांब, उभ्या गाडीचं चाक, शेजाऱ्यांची तुळस, सगळीकडे आधी हुंगायचं आणि मग चार थेंब सोडायचे. त्याच्या दृष्टीने ती हद्दीची खूण असते. आसपास कुठे कुत्री माजावर आली की तो जेवण सोडतो, रात्रभर दाराशी रडतो, आणि फाटक उघडं दिसलं की पळतो. रस्त्यावर गाडीखाली आलेल्या किंवा दुसऱ्या कुत्र्यांनी फाडलेल्या पाळीव कुत्र्यांत असे नर बरेच असतात. अंगानेही तो मोठा होतो. लॅब्राडोरचा नर 29 ते 36 किलोपर्यंत भरतो, मादी 25 ते 32. घरातल्या आजोबांनी पट्टा धरायचा असेल, तर हा फरक किरकोळ नाही.

आता मादी. पहिला माज साधारण सहा महिने ते वर्षभरात येतो, मोठ्या जातींत त्याहून उशिरा. पाळीव कुत्री पुढे वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते आणि तो काळ दोन-तीन आठवडे चालतो. फरशीवर रक्ताचे डाग पडतात, फाटकाबाहेर कुत्र्यांची गर्दी होते. हे त्रासाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट त्यानंतर घडते. माज ओसरल्यावर दीड-दोन महिन्यांनी, नराचा संबंध आलेला नसतानाही, काही कुत्र्यांच्या शरीराला आपण व्यालो असं वाटतं. याला खोटं गाभणपण म्हणतात. सडांना दूध येतं. ती पलंगाखाली चादर ओढून नेते, पंजांनी खरवडून तिथं जागा करते, आणि घरातल्या पोराचा मोजा किंवा रबरी बाहुली तोंडात धरून तिथं ठेवते. त्या मोज्याला चाटत बसते. आपण हात घातला की गुरगुरते. घरचे घाबरून येतात, "डॉक्टर, कुत्री अचानक तापट झाली." ती तापट झालेली नसते. त्या मोज्यात तिला तिचं पिल्लू दिसत असतं. बहुतेक वेळा हे दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतं.

कुत्री तापट या समजाची मुळं मला इथंच दिसतात, आणि व्यालेली कुत्री पिल्लांजवळ कुणाला येऊ देत नाही त्यातही. एरवी माणसांना चावण्याच्या घटना बघितल्या, तर त्यांत निर्बीजीकरण न झालेल्या नरांचं प्रमाण जास्त आढळतं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एकाच घरात दोन माद्या असतील आणि त्यांचं बिनसलं, तर ते भांडण फार विकोपाला जातं. घरात आधी कुत्री असेल तर दुसरा नर आणावा, आधी नर असेल तर मादी आणावी. ही जोडी सहसा जमते.

राखणीचं म्हणाल, तर परक्याची चाहूल लागली की भुंकणं दोघांनाही सारखंच येतं. शेतावरच्या वस्तीवर रात्री जाऊन बघा, अंगावर धावून येणाऱ्यांत कुत्र्याही असतात.

स्वभावात फरकच नाही का? थोडे आहेत, आणि ते मजेदार आहेत. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यासमोर एक चेंडू पडद्याआड जायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा, पण कधीकधी तो आधीपेक्षा लहान किंवा मोठा होऊन यायचा. माद्या त्या बदललेल्या चेंडूकडे जास्त वेळ बघत राहिल्या. नरांच्या बघण्यात तसा फरक दिसला नाही. काही अभ्यासांत नर किंचित जास्त धीट निघाले. पण या सगळ्या सरासरीच्या गोष्टी आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा जातीवरूनसुद्धा एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक सांगता आला. ज्या जातीसाठी आपण हजारो रुपये मोजतो, तिच्यावरून एवढंच कळतं. मग नुसतं नर की मादी बघून स्वभाव कसा ओळखणार?

आता पिल्लं होण्याचं. निर्बीजीकरणाने मादीचा माज थांबतो, खोटं गाभणपण थांबतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो. स्वीडनमध्ये पूर्वी कुत्र्यांची ही शस्त्रक्रिया सहसा करत नसत, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदी बोलक्या आहेत. दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास चारातल्या एका कुत्रीला हा आजार झालेला दिसला. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, जेवेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा, उद्यावर ढकलू नका. नरावर शस्त्रक्रिया केली की भटकणं आणि जागोजागी लघवी करणं बरंच कमी होतं. पण भीतीपोटी अंगावर येणारा कुत्रा त्याने शांत होत नाही, त्याला सवय आणि शिकवण लागते. शस्त्रक्रियेचं वय आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत ती केली तर पुढे सांध्यांचे आजार वाढतात, असं अमेरिकेतल्या 2013 च्या अभ्यासात दिसलंय. आपल्या गावठी कुत्र्यांचा तो प्रश्न सहसा नसतो.

तेव्हा यंदा पिल्लू आणायला जाल, तेव्हा शक्य असेल तर त्याची आई बघा. ती माणसाजवळ येते का, हात लावू देते का, ते बघा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. खोक्याजवळ जमिनीवर बसा आणि किल्ल्यांचा जुडगा बाजूला टाका. दचकून मागे सरून जे पिल्लू पुन्हा हुंगायला पुढे येतं, ते घरात लवकर रुळतं. ते उचला, मांडीवर घ्या. नर आहे की मादी, ते त्यानंतर बघा. मादी असेल तर पहिल्या लशीला आणाल त्याच दिवशी शस्त्रक्रियेबद्दल विचारून ठेवा, आणि पालिकेकडून किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेकडून ती कमी खर्चात होते का, याचीही चौकशी करा.

नमस्कार.