हिरव्या चुड्यामागची निळी ज्योत

श्रोतेहो, नमस्कार.

नैसर्गिक वायू पुरवणारी कंपनी एखाद्या गावाच्या पोटापाण्याला कसा हातभार लावते, हा आजचा विषय आहे. आणि त्यासाठी मी तुम्हांला उत्तर प्रदेशातील फिरोजाबादला नेणार आहे, कारण आपल्याकडच्या नवरीच्या हातातला काचेचा हिरवा चुडा बहुतेक वेळा तिथल्याच भट्टीतून आलेला असतो.

फिरोजाबाद ताजमहालाभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यात येते. कोळशाच्या धुराने ताजच्या संगमरवराला इजा होते म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना, वायू घ्या किंवा पट्ट्याबाहेर जा, असे बजावले. त्या सुमारास गेल या सरकारी कंपनीचा वायू फिरोजाबादच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचला, आणि म्हणूनच शेकडो वर्षांचा काचधंदा आपल्या गावातच राहू शकला.

माझ्या लग्नात ज्यांनी माझ्या हातात चुडा भरला, त्या आमच्या गावच्या कासारमामांबरोबर मी काही वर्षांपूर्वी तिथे गेले होते. टुंडल्याला गाडीतून उतरलो तेव्हा जानेवारीचे दाट धुके होते. कारखान्यात शिरताच मात्र अंगावरची शाल काढावी लागली. मधोमध गोल भट्टी, तिच्यात मातीची मोठी कुंडे आणि कुंडांत लाल-पिवळी काच. एक कारागीर सळईच्या टोकावर काचेचा गोळा घेऊन धावत जाई, दुसरा त्याला आकार देई, आणि शेवटी त्या गोळ्यातून निघणारा तलम धागा फिरत्या बेलनावर एकापुढे एक वेढे घेत गुंडाळला जाई. मामांचे लक्ष मात्र भिंतीलगतच्या पिवळ्या नळीकडे होते. त्यांनी तिला हलकेच हात लावून पाहिला. ती थंड होती.

“अगं, एवढ्याशा नळीवर एवढा प्रपंच चालतो?” त्यांनी मला विचारले.

तिथल्या वयस्क उस्तादांनी उत्तर दिले. कोळशाच्या दिवसांत रात्रभर फावड्याने कोळसा लोटावा लागे, लोटणाऱ्याचा क्षणभर डोळा लागला तरी आच उतरे, काचेत बुडबुडे धरत आणि रंग बदले. मामा एकदम म्हणाले, “म्हणून आमच्या वडिलांच्या वेळी एकाच गठ्ठ्यात दोन हिरवे रंग निघायचे! चुड्याला एकच हिरवा लागतो, म्हणून ते माल रात्री कंदिलापाशी बसून वेगळा करायचे.” बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो, इतक्या मायेने बोलणाऱ्या समाजाने प्लास्टिकच्या बांगड्या हातात घालाव्यात, हे मला आजही पटत नाही. असो. मामांनी निघताना त्या नळीला नमस्कार केला.

श्रोतेहो, त्या नमस्कारात आजचा सगळा विषय आला. कंपनी शाळेला बाके देते, दवाखान्याला गाडी देते. कायद्याने नफ्याचा काही भाग अशा कामांवर खर्च करावाच लागतो, आणि ती कामे चांगलीच आहेत. पण गावाचा खरा आधार म्हणजे नळीतून सतत आणि एकाच दाबाने येणारा वायू. पुन्हा सांगते, सतत आणि एकाच दाबाने. काचेची भट्टी मध्येच विझवून सहज पुन्हा पेटवता येत नाही, कुंडातली काच थिजली की कुंडही जाते. त्यामुळे वायू थांबला तर कारखानदार, सळई घेऊन धावणारा कामगार आणि आमच्या गावातला कासार, तिघांचीही मिळकत थांबते. वायू जपून वापरण्यालाही तेवढेच मोल आहे. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने स्विस मदतीने वाया जाणारी उष्णता पुन्हा कामी आणणारी भट्टी फिरोजाबादसाठी तयार केली आणि २००० साली ती तिथे पेटली. इंधनाचा खर्च उतरला की लहान कारखानाही तग धरतो.

परतताना आम्ही एका अरुंद गल्लीत गेलो. बेलनावरचे वेढे कापले की प्रत्येक बांगडीची दोन टोके उघडी राहतात, आणि ती जोडण्याचे काम घराघरांत चालते. एका उंबऱ्याशी बसलेली बाई रॉकेलच्या बारीक ज्योतीवर टोकाला टोक भिडवत होती, बाजूला तिची मुलगी तयार बांगड्या दोऱ्यात ओवत होती आणि खोलीत धूर कोंडला होता. कारखान्यातली ती पिवळी नळी तिथून हाकेच्या अंतरावर होती. कंपनीने गावासाठी पुढचे काम कोणते करावे असे मला कोणी विचारले, तर मी त्याला आधी त्या उंबऱ्याशी घेऊन जाईन. मामांनी त्या बाईंकडून जोडलेली एक बांगडी मागून घेतली, जोडावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “ताई, जोड कुठे आहे ते सापडतसुद्धा नाही.”