मागच्या महिन्याचा रोस्टर दाखवाल का?

नमस्कार श्रोतेहो. बरेच डॉक्टर मिळून चालवतात अशा एखाद्या वैद्यकीय ग्रुपमध्ये तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला निघाला असाल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

'तुमच्याकडे वातावरण कसं आहे?' हे विचारूच नका. 'आम्ही सगळे घरच्यासारखे राहतो,' हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्यातून काही कळत नाही. घडून गेलेलं विचारा. जमेल तिथे कागद मागा.

पहिला कागद ड्यूटी रोस्टरचा. तो पुढच्या महिन्याचा नको, तो नेहमीच नीटनेटका असतो. मागच्या तीन महिन्यांचा बघा, खाडाखोडीसकट. नाइट फिरून फिरून त्याच दोन नावांवर येतात का? नाइटनंतरची सकाळ मोकळी आहे, की त्याच नावापुढे ओपीडी लावली आहे? 'ऑन-कॉल चार दिवसांतून एकदा' असं सांगितलं, तर ते चौघे आज कामावर आहेत का ते विचारा. एक जण सोडून गेला असेल तर महिन्याच्या सात-आठ रात्रींच्या दहा झालेल्या असतात, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही.

ओपीडीचा हिशोब तर तिथेच बसून करता येतो. चार तासांत चाळीस रुग्ण म्हणजे प्रत्येकाला सहा मिनिटं, आणि नोंदी, रिपोर्ट, फोन त्यातच. एवढ्यात ते मावत नाही. म्हणून 'नोंदी कधी पुऱ्या होतात?' असं विचारा. 'रात्री घरून करतो, सवय झालीय,' हे हसत सांगितलं तरी तेही कामाचेच तास आहेत.

सगळ्यात जास्त कळतं ते चुकीबद्दल विचारल्यावर. 'अलीकडे झालेली एखादी चूक सांगा आणि त्यानंतर काय बदललं तेही सांगा.' चांगल्या ठिकाणी उत्तर नेमकं येतं: सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या, शेजारी होत्या, आता वेगळ्या खणात ठेवतो, आणि इंजेक्शन भरण्याआधी दुसरी व्यक्ती लेबल मोठ्याने वाचते. 'त्या सिस्टर आता इथे नाहीत,' असं उत्तर आलं, तर माणूस बदलला, खण तसाच राहिला. 'आमच्याकडे चुका होत नाहीत' हे त्याहून वाईट. टीम कशा काम करतात याच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास केला. तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या टीमचं नेतृत्व चांगलं, तिथे चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. कारण तिथली माणसं चूक झाकून न ठेवता बोलत होती. तेव्हा कोऱ्या नोंदवहीवर भाळू नका.

गेल्या दोन वर्षांत किती डॉक्टर सोडून गेले आणि का, हेही विचारा. एखादा गेला तर विशेष नाही. लोक घरच्या कारणानेही जातात. एकाच विभागातून तिघे गेले असतील, तर त्यांच्यापैकी एकाशी बोलू द्याल का, असं म्हणून बघा. नंबर लगेच मिळतो, की खोलीतले सगळे एकमेकांकडे बघतात?

मुलाखत कॉन्फरन्स रूममध्येच संपू देऊ नका. अर्धा दिवस वॉर्डात थांबायची परवानगी मागा. शिफ्ट बदलते ती वेळ धरा. राउंडला सिस्टर मध्येच म्हणतात, 'सर, पोटॅशियम परत एकदा बघता का?' तेव्हा डॉक्टर रिपोर्ट हातात घेतात, की 'लिहिलंय तेवढं द्या' म्हणून पुढच्या कॉटकडे वळतात? आपण बघतोय ते दृश्य रोजचंच आहे, हे बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून समजतं. दमलेला सीनियर एखाद्या वेळी वैतागला, तर एवढ्यावरून निकाल देऊ नका. वैतागल्यावर तो पुढे काय करतो ते पाहा.

सगळ्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना एकटं गाठा. ठरलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत काय फरक निघाला, एवढंच विचारा.

शेवटी, 'ते आपण बघून घेऊ' असं जे जे तोंडी सांगितलं गेलं, म्हणजे रजा, नाइटची संख्या, पगाराचा कामाच्या आकड्याशी संबंध, नोटीस पिरियड, ते त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून पाठवा: 'मला असं समजलं आहे, बरोबर ना?' 'आम्ही असं म्हणालो नव्हतो,' असं उत्तर आलं, तर ते सही करण्याआधी आलं हे बरंच.