दामदुप्पट केव्हा होते? चक्रवाढ, घातांक आणि लघुगणक

श्रोतेहो, नमस्कार.

दर साल दर शेकडा आठ दराने ठेवलेले मुद्दल तीस वर्षांत सरळव्याजाने ३.४ पट होते, तर तेच मुद्दल चक्रवाढव्याजाने दहापटीहून थोडे अधिक होते. सरळव्याजात प्रत्येक वर्ष ठरावीक रकमेची भर घालते, पण चक्रवाढीत प्रत्येक वर्ष आधीच्या राशीला १.०८ ने गुणते. तीस वर्षे म्हणजे १.०८ चा तिसावा घात, आणि काळ असा घातांकाच्या जागी येत असल्यामुळेच या नात्याला घातांकी फल म्हणतात.

रास किती होईल हे गुणाकार करत गेल्यास कळते. अवघड असतो तो उलटा प्रश्न, म्हणजे रक्कम दुप्पट केव्हा होईल हा. येथे अज्ञात संख्या घातांकात असते, आणि तिला तिथून खाली उतरवण्याचे काम लघुगणक करतो. एखादी संख्या मिळवण्यासाठी दहाचा कितवा घात घ्यावा लागतो, ते सांगणारा आकडा म्हणजे तिचा लघुगणक. दोनचा लघुगणक ०.३०१० आणि १.०८ चा ०.०३३४, पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर नऊ वर्षे येते.

रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे काढण्यासाठी बहात्तरला व्याजदराने भागण्याची तोंडी युक्ती अनेकांना ठाऊक असेल. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या लुका पाचोली यांच्या गणितग्रंथात ती स्पष्टीकरणाविना आढळते. जॉन नेपियर यांनी लघुगणकांची कोष्टके प्रसिद्ध केली ती १६१४ साली, म्हणजे त्यानंतर १२० वर्षांनी. युक्तीमागचे कारण असे की दोनचा नैसर्गिक लघुगणक, म्हणजे दहाऐवजी २.७१८२८ या पायावरचा लघुगणक, सुमारे ०.६९३ आहे. त्यामुळे व्याज क्षणोक्षणी जमा होत असल्यास ६९.३ ला शेकडा दराने भागले की दुप्पट होण्याचा काळ मिळतो. वर्षातून एकदाच व्याज जमा होत असल्यास भाज्य ६९.३ पेक्षा थोडा मोठा घ्यावा लागतो, आणि बहात्तरला तर दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ व बारा या सर्वांनी नि:शेष भाग जातो.

कर्ज घेणाऱ्याने तर हे गणित स्वतः करून पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. दरमहा दोन टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो आणि मनातल्या मनात आपण त्याचे वर्षाला चोवीस टक्के करून मोकळे होतो. परंतु व्याज दरमहा मुद्दलात मिळवले जात असेल, तर १.०२ चा बारावा घात सुमारे १.२६८२ येतो, म्हणजे प्रत्यक्षातील वार्षिक दर २६.८२ टक्के ठरतो. काहीच परतफेड न झाल्यास असे कर्ज सरळव्याजाच्या हिशेबाने पन्नास महिन्यांत दुप्पट व्हायला हवे. प्रत्यक्षात ते पस्तीस महिन्यांतच दुप्पट होते, आणि पुढच्या पस्तीस महिन्यांनी चौपट.

मग व्याज दररोज, प्रत्येक क्षणाला जमा करत गेलो, तर रास अमर्याद वाढेल का? स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांनी १६८३ साली या प्रश्नाचा विचार केला. वार्षिक दर शंभर टक्के धरला, तर वर्षातून एकदा व्याज जमा केल्यास एकाचे दोन होतात, दरमहा केल्यास २.६१३ आणि दररोज केल्यास २.७१४६. वाढ मंदावत जाते आणि २.७१८२८ च्या पुढे ती जातच नाही. पुढे गणितज्ञ ऑयलर यांनी ज्या स्थिरांकाला ई हे अक्षर दिले तो हाच, आणि नैसर्गिक लघुगणकाचा पायाही तोच. व्याजाच्या हिशेबातून गणितातील एवढा मूलभूत स्थिरांक हाती यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सजीवांची वाढही आरंभी याच नियमाने होते. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणारा जिवाणू दहा तासांत तीस वेळा दुप्पट होतो आणि एकाचे एक अब्जाहून अधिक होतात, अर्थात अन्न आणि जागा पुरली तरच. ती कधी अपुरी पडू लागली हे ओळखण्यासाठीही लघुगणकच उपयोगी पडतो. आलेखावर संख्येऐवजी तिचा लघुगणक मांडला की घातांकी वाढ सरळ रेषेत दिसते आणि रेषेचा चढ वाढीचा दर सांगतो. ती रेषा जिथून खाली झुकू लागते, तिथून पुढच्या अंदाजासाठी जुना दर वापरता येत नाही.